गाण्यांचं बिऱ्हाड हलवताना: मुंबईतून युरोपातल्या छोट्या स्ट्रीमिंग सेवेकडे

सप्टेंबर २०२२ मध्ये गाना या गाण्यांच्या अॅपने फुकट ऐकणं बंद केलं. जानेवारी २०२४ संपता संपता रेसोने भारतातला गाशा गुंडाळला, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिकला टाळं लावलं. दरवेळी लोकांचा सवाल तोच: माझ्या प्लेलिस्टचं काय? हा सवाल अॅप बंद पडल्यावर विचारण्यापेक्षा आपण होऊन अॅप बदलताना विचारलेला बरा. मोठ्या सेवेला कंटाळलेले बरेच जण आता युरोपातल्या छोट्या सेवांकडे पाहू लागले आहेत. कुणाला चांगला आवाज हवा असतो, कुणाला पॉडकास्ट आणि रील्सचा मारा नको असतो, कुणाला वाटतं की आपले पैसे गाणाऱ्यापर्यंत जरा जास्त पोचावेत. कारण काहीही असो, मुंबईत बसून हे करताना ज्या अडचणी येतात त्या पॅरिसमध्ये बसलेल्याला येत नाहीत. म्हणून हा लेख.

कोण कुठलं

गंमत अशी की सगळ्यांत मोठी सेवा, स्पॉटिफाय, हीसुद्धा युरोपातलीच. २००६ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेली. त्यामुळे नुसतं ‘युरोपीय’ म्हणून भागत नाही, ‘छोटी’ हा शब्द महत्त्वाचा. त्यात ठळक नावं दोन: डीझर आणि कोबझ. दोन्ही फ्रान्सच्या, दोन्ही २००७ पासूनच्या. डीझर सर्वसाधारण श्रोत्यासाठी आहे. त्यात ‘फ्लो’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की तुमच्या आवडीची आणि थोडी अनोळखी गाणी न थांबता चालू राहतात. २०२५ पासून डीझर एआयने बनवलेल्या अल्बमवर तसा शिक्काही मारू लागलं आहे, आणि मला ही गोष्ट बाकी कुठल्याही सोयीपेक्षा मोलाची वाटते. कोबझ हे कानसेनांचं दुकान: उत्तम दर्जाचा आवाज, अल्बमसोबतच्या पुस्तिका, संपादकांनी लिहिलेले लेख आणि गाणी विकत घेऊन उतरवून ठेवायची सोय.

बर्लिनचं साउंडक्लाउड वेगळ्या जातीचं आहे. तिथे कोणीही आपलं गाणं चढवू शकतं, त्यामुळे डीजे, रॅपर, कॉलेजातले बँड यांचा राबता जास्त. बर्लिनचंच इडाजिओ फक्त पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी. टायडलचं मूळ नॉर्वेतलं असलं तरी २०२१ पासून त्याची सूत्रं एका अमेरिकन कंपनीच्या हातात आहेत, तेव्हा युरोपीय म्हणून ते घेऊ नका. आणि छोट्या सेवेचं आयुष्य किती, हेही ध्यानात ठेवा. अॅमस्टरडॅमची प्राइमफोनिक नावाची चांगली सेवा २०२१ मध्ये अॅपलने विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात बंद केली.

पहिली पायरी: मुंबईच्या पत्त्यावर मिळते का?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण लोक ती शेवटी करतात. सेवेची वेबसाइट फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, लॉगिन न करता. मदतीच्या पानावर देशांची यादी असते, तीत भारत शोधा. मग प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरवर अॅप दिसतंय का ते पाहा. शेवटी दरांच्या पानावर जा आणि रक्कम कुठल्या चलनात दाखवतात ते बघा. या तिन्ही ठिकाणी हिरवा कंदील मिळाला तरच पुढे जा.

डीझर १८० हून जास्त देशांत चालतं. कोबझची यादी मात्र जेमतेम दोन-अडीच डझन देशांची आहे आणि मुंबईच्या पत्त्यावर तिथे खातं उघडता येत नाही. ‘व्हीपीएन लावून काम होतं’ असं सांगणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांचं ऐकू नका. व्हीपीएनने फक्त तुम्ही कुठे बसलात ते लपतं; कार्ड कुठल्या देशातलं आहे ते लपत नाही. सेवेच्या अटी मोडल्या म्हणून कधी खातं गोठवलं तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. कोबझ आवडत असेल तर युरोपात जाणाऱ्यांसाठी शेवटी काही लिहिलं आहे ते वाचा.

दुसरी पायरी: आपली गाणी आहेत का?

इथे घाई करू नका. ‘दहा कोटी गाणी’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण आपल्याला हवी असलेली दोनशे त्यात आहेत का, एवढाच आपला प्रश्न. बॉलीवूड सापडेलच, त्यात वेळ घालवू नका. परीक्षा घ्यायची ती मराठीची.

एका कागदावर पंचवीसेक नावं लिहा, आणि ती मुद्दाम वेगवेगळ्या कप्प्यांतली घ्या. दोन नाट्यपदं, दोन-तीन अभंग, भावगीतं, एखादी लावणी, कोळीगीत, गणपतीतलं एखादं डीजेवालं, अलीकडच्या सिनेमातलं एखादं आणि यूट्यूबवरच वाढलेल्या एखाद्या मराठी रॅपरचं. मग फुकट खात्यातून किंवा चाचणीच्या महिन्यात एकेक शोधा. फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण करू नका, काय सापडलं ते लिहा. मूळ गायकाचं सापडलं, दुसऱ्याच कुणीतरी गायलेलं सापडलं, की नुसता कराओके ट्रॅक? मराठी जुन्या गाण्यांत हा घोटाळा फार होतो.

शोधताना स्पेलिंग बदलून बघा. ‘माझे’ हा शब्द कुणी एमएजेएचई लिहितं, कुणी एमएझेडई, कुणी त्यात आणखी एक ए घालतं. अल्बम चढवणाऱ्याने जे लिहिलं तेच त्या सेवेला ठाऊक असतं. मोठ्या सेवा अशी चूकभूल पोटात घालतात; छोट्या सेवांचा शोध तेवढा समजूतदार नसतो. देवनागरीत टाइप करूनही पाहा, कधी कधी अनपेक्षित लागतं. गायकाच्या नावाआधीचे ‘पंडित’, ‘पं.’, ‘डॉ.’ यांनीही गोंधळ होतो. वसंतराव देशपांडे आणि ‘डॉ.’ वसंतराव देशपांडे ही दोन वेगळी पानं असू शकतात आणि अर्धे अल्बम एकीकडे, अर्धे दुसरीकडे पडलेले असतात. बालगंधर्व एका शब्दात आणि दोन शब्दांत असे दोन्हीकडे पाहावे लागतात. संगीतकाराच्या किंवा कवीच्या नावाने शोधायची आपली सवय इथे फारशी उपयोगी पडत नाही. श्रीनिवास खळे किंवा यशवंत देव लिहिलंत तर त्यांची सगळी गाणी पुढे येतील अशी आशा ठेवू नका. गायकाच्या नावाने जा.

एक परीक्षा मी सगळ्यांना सुचवतो: गीतरामायण. एकूण ५६ गाणी, पहिलं प्रसारण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर, आणि घराघरांत पोचलेलं ध्वनिमुद्रण सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. ही ५६ गाणी क्रमाने, एकाच आवाजात, मधलं एकही न गळता मिळतात का ते बघा. श्रीधर फडके, आनंद माडगूळकर यांनीही ती गायली आहेत, त्यामुळे यादीत आवाज मधेच बदलतो का तेही लगेच कळतं. ज्या सेवेवर गीतरामायण धड लागतं, तिथे सारेगामाचा, म्हणजे जुन्या एचएमव्हीचा, मराठी साठा बऱ्यापैकी पोचला आहे असं समजायला हरकत नाही.

सारेगामाच्या बाहेरचं मराठी संगीत मात्र छोट्या-छोट्या लेबलांत, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांत, विखुरलेलं आहे. मुंबईची सागरिका, पुण्याचं फाउंटन, शास्त्रीय गाण्याच्या मैफलींसाठी आलूरकर. अल्बमच्या पानावर अगदी खाली गेलात की बारीक अक्षरात लेबलचं नाव असतं. तुमच्या आवडीचे चार अल्बम आत्ताच्या सेवेत उघडा, ती नावं टिपून घ्या आणि नव्या सेवेत त्याच लेबलचे दुसरे अल्बम दिसतात का ते पाहा. एखादं लेबल पूर्ण गायब असेल तर आज ना उद्या येईल या भरवशावर राहू नका.

पंचवीसपैकी वीस-बावीस मूळ आवाजात मिळाली तर खुशाल पुढे जा. पंधराच्या खाली आली तर माझं मत विचाराल तर राहू दे. पगारातले पैसे देऊन आपलीच गाणी यूट्यूबवर शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: यादी बाहेर काढून ठेवा

नवी सेवा घ्या किंवा नका घेऊ, हे काम आजच करा. स्पॉटिफायवर ब्राउझरमधून खात्याच्या पानावर जाऊन प्रायव्हसीच्या भागात आपला डेटा मागवता येतो. काही दिवसांत मेलवर झिप फाइलची लिंक येते, तीत तुमच्या प्लेलिस्ट आणि साठवलेली गाणी नावानिशी असतात. यूट्यूब म्युझिकसाठी गूगल टेकआउट ही आपला डेटा उतरवून घ्यायची सोय आहे. फाइल उघडल्यावर कंसांची आणि अवतरणचिन्हांची जत्रा दिसेल, घाबरू नका. आत गाणं, गायक, अल्बम असं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तिची एक प्रत ड्राइव्हवर टाका, एक स्वतःला मेल करा.

चौथी पायरी: हलवाहलव

हाताने एकेक गाणं शोधायची गरज नाही. साउंडीझ (हेही फ्रेंच) आणि ट्यून माय म्युझिक या दोन साइट हेच काम करतात. जुन्या खात्यात लॉगिन करून परवानगी द्यायची, नव्या खात्यात द्यायची, प्लेलिस्ट निवडायची आणि बटण दाबायचं. साउंडीझच्या फुकट खात्यात एका वेळी एकच प्लेलिस्ट आणि तीही २०० गाण्यांपर्यंत हलते, ट्यून माय म्युझिकवर फुकट मर्यादा साधारण ५०० गाण्यांची आहे. मोठा साठा असेल तर एकच महिना पैसे भरा, काम उरका, बंद करा.

हे अवजार गाणी ओळखतं कसं, ते समजलं तर पुढचा वैताग वाचतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. भारतात तो देण्याचं काम मुंबईतली इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. दोन्हीकडे तोच क्रमांक सापडला तर गाणं बिनचूक जुळतं. नाही सापडला तर अवजार नाव आणि गायक ताडून अंदाज बांधतं, आणि मराठीत नेमकं तिथेच घसरतं. एकच जुनं गाणं सहा संकलनांत सहा क्रमांकांनी चढवलेलं असतं. क्रमांकात वर्षाचे दोन आकडे असतात, पण ते क्रमांक दिल्याचं वर्ष दाखवतात. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या नाट्यपदावर या शतकातला आकडा दिसला तर दचकू नका.

म्हणून हलवाहलव झाली की अहवाल वाचा. ‘सापडली नाहीत’ ही यादी सगळे बघतात. खरी गडबड ‘सापडली’ या यादीत असते. तिथे भीमसेन जोशींच्या अभंगाच्या जागी कुणाचं तरी बासरीवादन येऊन बसलेलं असतं, भावगीताच्या जागी लोफाय. झटपट ओळखायची युक्ती म्हणजे गाण्याची लांबी. जुन्या यादीत ३ मिनिटं १२ सेकंद आणि नव्या यादीत ५ मिनिटं ४० सेकंद असेल तर ते गाणं ऐकून बघा.

सगळं मार्गी लागलं की दोन्ही खात्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटला दिलेली परवानगी काढून घ्या. हे जवळजवळ कोणी करत नाही. आणि काय येत नाही तेही आधीच मान्य करा: किती वेळा काय ऐकलं त्याचा हिशेब, मित्रांसोबत बनवलेल्या सामायिक याद्या, फोनमधल्या स्वतःच्या फाइली.

पाचवी पायरी: पैसे

पहिलं काम बँकेच्या अॅपमध्ये. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नवं कार्ड मुळात देशातल्या व्यवहारांपुरतंच चालू असतं. कार्डच्या सेटिंगमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि मर्यादा कमीत कमी ठेवा. महिन्याच्या पैशांना दोन हजार पुरेत; वर्षाचे एकदम भरताना तेवढ्यापुरती वाढवा.

दुसरी गोष्ट दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची. ऑक्टोबर २०२१ पासून अशा व्यवहारासाठी सुरुवातीला ओटीपी देऊन मंजुरी नोंदवावी लागते आणि दरवेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. ही नोंदणीची व्यवस्था व्यापाऱ्यानेही केलेली असावी लागते, आणि दूरच्या छोट्या कंपन्यांनी ती केलेलीच असते असं नाही. मग पहिला महिना सुरळीत जातो, दुसऱ्या महिन्यात बँक पैसे नाकारते, आणि चर्चगेटच्या गाडीत चढल्यावर कळतं की उतरवून ठेवलेली गाणी कुलूपबंद झाली. यावर दोन उपाय: शक्य असेल तर सबस्क्रिप्शन प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरमधून घ्या, तिथे यूपीआय चालतं. नाहीतर चाचणीचा महिना आवडल्यावर वर्षाचे पैसे एकदाच भरा.

किंमत युरोत असेल तर वरचा खर्चही धरा. समजा १० युरोचे हजार रुपये झाले आणि बँकेचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के आहे. म्हणजे ३५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६ रुपये ३० पैसे. एकूण १,०४१ रुपये आणि वर काही पैसे. शिवाय परदेशी डिजिटल सेवांवर भारतात १८ टक्के जीएसटी लागतो, तो दाखवलेल्या रकमेत धरलाय का ते पाहा. भारतीय दरांची सवय असलेल्याला हा आकडा टोचणार. त्यात काही चूक नाही. टोचत असेल तर जुनंच ठेवा.

आवाजाबद्दल थोडं

छोट्या सेवा विकतात तो मुख्यतः आवाज. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १,४११ किलोबिट. नेहमीचं ‘हाय क्वालिटी’ म्हणजे जास्तीत जास्त ३२० किलोबिट. फरक आहेच, पण तो कानापर्यंत पोचला पाहिजे. साध्या ब्लूटूथ हेडफोनकडे फोन आवाज पुन्हा दाबूनच, म्हणजे त्यातला तपशील कमी करूनच, पाठवतो. ब्लूटूथसाठीचं सोनीचं एलडॅक तंत्र असलं तरी ९९० किलोबिटच्या वर जात नाही. तेव्हा ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर महागड्या दर्जासाठी जादा पैसे मोजू नका. खरंच ऐकायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन टाइप-सीचा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) असलेला डोंगल घ्या (दुकानदाराला ‘डॅकवाला’ असंच सांगा, नुसता जोड देतील) आणि वायरचा हेडफोन लावा. तानपुऱ्याची जोडी आणि तबल्याचा बायाँ यांत फरक पहिल्यांदा जाणवतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यसंगीतात मात्र हाय-रेझ, म्हणजे सीडीच्याही वरचा दर्जा, घेऊन हाती काही लागत नाही. मूळ मुद्रणच तेवढं आहे. तिथे खरखर कमी असलेली प्रत निवडणं जास्त मोलाचं.

डेटाचं गणित सोपं आहे. ३२० किलोबिटला तासाला १४४ एमबी, सीडी दर्जाला (फाइल काही न गमावता आकसून पाठवतात, म्हणून) साधारण ३५० च्या आसपास. बोरिवली-चर्चगेट जाऊन-येऊन ऐकलंत तर दिवसाच्या दीड जीबीतला अर्धा तिथेच संपतो. रात्री घरच्या वायफायवर गाणी उतरवा आणि मोबाइल डेटासाठी दर्जा खाली ठेवा. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोने जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरच्यांचं काय?

स्वतः जा, घर हलवू नका. आईने अलेक्साला ‘सुधीर फडके लाव’ म्हणायचं आणि तिने ते लावायचं, ही घडी बसलेली असेल तर ती विस्कटून काही मिळत नाही. नवी सेवा घरातल्या स्पीकरवर, टीव्हीवर, गाडीच्या अँड्रॉइड ऑटोवर चालते का ते चाचणीच्या महिन्यातच बघा. फॅमिली प्लॅनची घाई नको.

पहिले काही आठवडे सुचवणाऱ्या याद्या वेड्यासारख्या असतील. फ्रेंच रॅपही येईल. वीसेक गायकांना फॉलो करा, नको ते गाणं लगेच पुढे ढकला, आवडलेल्याला हार्ट द्या. यंत्राला एवढंच कळतं.

जुनं बंद करताना आणि युरोपात जाताना

दोन्ही सेवा एक महिना सोबत चालू द्या. नंतर जिथून पैसे भरत होतात तिथूनच सबस्क्रिप्शन बंद करा. फोनमधून अॅप काढून टाकल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत. खातं मात्र मिटवू नका, फुकट खातं म्हणून राहू द्या. नव्या ठिकाणी चुकीचं जुळलेलं गाणं चार महिन्यांनी लक्षात येतं, तेव्हा ताडून बघायला ते लागतं.

शिकायला किंवा नोकरीला जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला निघालेल्यांनी मुंबईतून काहीच घेऊ नये. तिकडे बँक खातं उघडल्यावर तिथल्या कार्डावर घ्या. विद्यार्थी सवलत असते का तेही विचारा. एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमामुळे तिथली सशुल्क सेवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात फिरतानाही चालते, पण दिवाळीला घरी आल्यावर तो नियम लागू नाही. कोबझवर आवडते अल्बम विकत घेऊन फ्लॅक फाइली (दर्जा न गमावता साठवलेल्या) उतरवता येतात आणि त्यांना कुलूप नसतं. निघण्याआधी त्या पेनड्राइव्हवर घ्या. इकडे फोनवर व्हीएलसी या प्लेअर अॅपमध्ये त्या चालतात, लॉगिन लागत नाही, आणि आईच्या टीव्हीच्या मागे तोच पेनड्राइव्ह लावला तरी बहुतेक टीव्ही त्या वाजवतात.